थोडं दुखू दिल्याबद्दल आभार

भूलतज्ज्ञ मॅडम, सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडवर बाईक घसरून नडगीचं हाड मोडलेला आमचा मुलगा तुम्हाला आठवत असेल. त्याच्या मावशीशी झालेली हुज्जत मात्र विसरला असाल तर बरं. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं. "पोरालाही तेच द्या, चांगलं कडक द्या," म्हणून ती अडूनच बसली होती.

थिएटरची घाई असताना तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि केसपेपरच्या मागे पायाचा आडवा छेद काढून दाखवलात. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे, प्रत्येकाभोवती न ताणणारं आवरण. आत सूज वाढली की दाब चढतो, रक्त पोचत नाही आणि सहा-आठ तासांत स्नायू कायमचे जाऊ शकतात. दुखापतीच्या मानाने जास्त आणि औषधाला न जुमानणारं दुखणं ही त्याची पहिली खूण. पाय पार बधिर केला तर तीच झाकली जायची. म्हणून रॉड टाकताना पूर्ण भूल, आणि नसेजवळचं औषध अगदी सौम्य, त्याचा असर लांबवणारं दुसरं काहीही न मिसळता. "थोडं दुखेल, दुखू दे," म्हणालात. मावशीचं तोंड वाकडं झालं, ते असो.

मला खरी किंमत कळली ती फाईलवरच्या तुमच्या दोन ओळींची: दर तासाला पाय तपासा, दुखणं वाढलं तर डोस वाढवू नका, आधी सर्जनना बोलवा. मध्यरात्रीनंतर सिस्टरांनी पायाचा अंगठा हळूच खाली वाकवला आणि पोरगा किंचाळला. नडगीच्या बाहेरची बाजू दगडासारखी टणक. पावलाची नाडी व्यवस्थित लागत होती, पण सिस्टर त्यावर विसंबल्या नाहीत, थेट फोन लावला. सुई घालून मोजला तर कप्प्यातला दाब ४८, खालचं बीपी ७०. फरक ३० च्या आत आला की वाट बघायची नसते, असं सांगत सरांनी त्याला आवरण उघडायला आत नेलं.

जखम उघडी ठेवून पुढे मांडीची कातडी लावावी लागली. तिथे अजून खाज येते, पण पाऊल वर उचलता येतं आणि बोटं सगळी हलतात.

सिस्टरांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवाल का?

आपला,
मुलाचा बाप, कळवा, ठाणे