भूकंपाची सूचना आणि पार्किंगमधला खांब

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

लिफ्टजवळची 'भूकंप आल्यास घाबरू नका, टेबलाखाली बसा' ही सूचना वाचली. समितीने हा विषय मनावर घेतला याचं समाधान वाटलं. पण वॉचमनदादांचं कुटुंब पार्किंगच्या खोलीत राहतं. त्यांच्याकडे टेबल नाही, आणि इमारतीतला सगळ्यात कमजोर मजला तोच.

वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती आहेत, पार्किंगला नुसते खांब. जमीन हलली की वरचे मजले एकत्र डोलतात आणि सगळा ताण या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ ला भूकंपाचं केंद्र भूजकडे होतं. तिथून २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशा मोकळ्या पार्किंगच्या कितीतरी इमारती कोसळल्या. 'आपल्या धुळ्यात कुठला भूकंप' असं म्हणू नये. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात ६ रिश्टरहून मोठा धक्का बसला होता.

आता बी विंगच्या कोपऱ्यातला खांब पाहा. पाइप नेताना प्लंबरने तो छिन्नीने फोडलाय. उभ्या सळयांभोवती बांधलेली एक लोखंडी रिंग कापली गेलीय, उघड्या सळईला गंज चढलाय. रिंगा उभ्या सळयांना फाकू देत नाहीत. म्हणून तर त्यांच्या टोकांचे हूक १३५ अंशांत आत वळवायचे असतात, म्हणजे रिंग उघडत नाही. प्लास्टर मारून हे झाकू नका.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. आमची मुलं खांबाचं गणित बिनचूक सोडवतात, पण तेच आजीला समजावून सांग म्हटलं की अडखळतात, कारण त्याला मार्क नाहीत. येत्या रविवारी त्यांना या खांबापाशी आणते. अहिराणीतच बोलतील. भाडेकरू, धुणंभांडी करणाऱ्या ताई, वॉचमनदादांचं घर, सगळ्यांना बोलवा. भाडेकरूंना सभेत मत नाही, पण रात्री तेही याच छताखाली झोपतात.

'चर्चा झाली तर फ्लॅटचे भाव पडतील' असं मागच्या सभेत काहीजण म्हणाले. किल्लारीत १९९२ मध्येच हादरे बसले होते, लोक घाबरलेही होते. भिंती मात्र त्याच दगडमातीच्या राहिल्या, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं त्यांच्याखाली गेली. म्हणून नुसती सूचना मला पुरेशी वाटत नाही.

आपल्या इमारतीला १५ वर्षं होऊन गेली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला हवं. ते पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावं, आणि तोवर त्या खांबाला कोणी हात लावू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक रहिवासी, बी विंग