गलिव्हर लिलिपुटपाशी थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जपानी ॲनिमेशनपटांवरचा लेख वाचला. लेख छानच आहे. पण १९६५ साली तोएई स्टुडिओने काढलेल्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स बियाँड द मून’ची त्यात एका वाक्यात बोळवण केली आहे: जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या कादंबरीचं नाव तेवढं घेतलं, बाकी सगळी पोरखेळाची अंतराळसफर. हे मला मुळीच पटलं नाही. अनेक वर्षं वर्गात मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या आहेत, म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसले.

लेखकाचा दोष नाही म्हणा. आपल्याकडे मुलांच्या हातात पडणारा गलिव्हर बहुधा लिलिपुटच्या बुटक्यांनी बांधून ठेवलेला असतो. फार तर पुढे राक्षसांचा देश, की पुस्तक संपलं. १७२६च्या मूळ पुस्तकात प्रवास चार आहेत, आणि हा चित्रपट मला जवळचा वाटतो तो तिसऱ्याला. त्यात लापुटा नावाचं बेट आकाशात तरंगतं. पोटातल्या प्रचंड लोहचुंबकाच्या जोरावर ते खालच्या राज्याच्या हद्दीत हवं तिकडे हलवता येतं. खालच्या प्रजेने बंड केलं तर राजा बेट नेमकं त्यांच्या डोक्यावर आणून ऊन-पाऊस अडवतो. तिथले विद्वान गणितात इतके बुडालेले, की समोरचा बोलतोय हे कळायला नोकराने कानावर फुगा आपटावा लागतो. याच विद्वानांनी मंगळाला दोन चंद्र असल्याचं शोधून काढलंय, असं स्विफ्ट लिहितो. प्रत्यक्षात ते चंद्र दुर्बिणीतून दिसले १८७७ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी! असा गलिव्हर रॉकेटमध्ये बसला तर त्यात ओढूनताणून आणलेलं काय आहे?

आता चित्रपट. दिग्दर्शक योशिओ कुरोदा. टेड हा बेघर मुलगा, त्याच्यासोबत एक कुत्रा आणि कुणीतरी टाकून दिलेला खेळण्यातला शिपाई. या तिघांना रानात म्हातारा गलिव्हर भेटतो. त्याचे समुद्रावरचे प्रवास करून झालेत, आता तो रॉकेट बांधतोय. हे सगळे एका दूरच्या ग्रहावर पोचतात. तिथल्या लोकांनी आपली कामं करायला यंत्रमानव घडवले, आणि त्याच यंत्रमानवांनी उलटून त्यांना हुसकावून लावलं. या यंत्रांना हरवायला तोफा लागत नाहीत. त्यांच्यावर पाणी पडलं की ती वितळतात. पिचकाऱ्या आणि पाण्याने भरलेले फुगे घेऊन लढाई होते. माझा नातू हे बघताना खुर्चीवर उभा राहिला होता. मधली गाणी लांबतात आणि अंतराळातला प्रवासही जरा रेंगाळतो, हे मान्य. पण माणसाने आपल्याच हुशारीपायी घरदार गमावणं ही चिंता तिसऱ्या प्रवासातलीच आहे.

आणि शेवट! तिथली राजकन्या पाण्याने भिजते, तिचं यंत्राचं कवच उकलतं आणि आतून जिवंत मुलगी बाहेर येते. हा शेवट सुचवला हायाओ मियाझाकी यांनी. तेव्हा ते नामवंत दिग्दर्शक नव्हते. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणारे स्टुडिओतले एक नवखे चित्रकार होते. आधी ठरलेला शेवट त्यांना खटकला, त्यांनी तसं सांगितलं आणि मोठ्यांनी ते ऐकलं. पुढे १९८६ मध्ये त्यांनी स्वतः तरंगत्या बेटावर चित्रपट केला, त्याच्या नावातही लापुटाच आहे. आपल्या लेखात मियाझाकींवर दोन परिच्छेद आहेत, पण हा धागा मात्र निसटला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लिलिपुट, लापुटा हे सारे देश कल्पनेतले. चारही प्रवासांच्या शीर्षकांत ज्यांची नावं आहेत त्यांतला खराखुरा देश एकच, तो म्हणजे जपान. तिसऱ्या प्रवासाच्या अखेरीस तो तिथे उतरतो, सम्राटाला भेटतो आणि जून १७०९ मध्ये नागासाकीला पोचून तिथून डच जहाजाने परत निघतो. त्याच प्रवासाच्या सुरुवातीला चाचे त्याचं जहाज पकडतात, तेव्हा त्याला दया दाखवतो तो जपानी कप्तान. जपानी चित्रकारांनी गलिव्हरला आपलं मानलं, तर त्यांचा तेवढा हक्क आहेच.

माझी एक विनंती आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या पुरवणीत मुलांसाठी पानभर जागा असते. यंदा तिथे गलिव्हरचा तिसरा प्रवास क्रमशः छापावा. काकडीतून सूर्यकिरण काढू पाहणारा संशोधक आणि दांडे फिरवून पुस्तकं लिहिणारं यंत्र, ही प्रकरणं मात्र गाळू नयेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा