हेलियम संपला नाही हो, विकून टाकला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात हेलियमच्या टंचाईवर लेख आला होता, फोटो फुग्यांचा आणि एकूण सूर असा की बिचारा एक वायू संपत आलाय, आता कोण काय करणार. फुग्यांचा फोटो बघूनच कळलं पुढं काय लिहिलेलं असणार. पत्र लिहायचा कंटाळा करत होतो पण राहवेना. मी वीसेक वर्षं लो टेंपरेचर लॅबमध्ये लिक्विड हेलियम हाताळलाय, म्हणजे साध्या भाषेत ड्युअर (थर्माससारखं मोठं भांडं) भरायचा, पातळी मोजायची, गळती शोधायची आणि भाव वाढला की साहेबांची बोलणी खायची, एवढंच काम. तर माझं म्हणणं असं की हा घोळ जमिनीखालचा कमी आणि सरकारी वहीतला जास्त आहे.

हेलियम कारखान्यात बनत नाही. खडकातल्या युरेनियम-थोरियमचा ऱ्हास होता होता तो कोट्यवधी वर्षं कणाकणानं तयार होतो, आणि वर घट्ट छप्पर असलेला खडक मिळाला तरच नैसर्गिक वायूबरोबर खाली अडकून राहतो. हवेत सुटला की गेला. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखात पाचच्या आसपास, तेवढ्यातून परत गोळा करणं कुणाला परवडत नाही, आणि हळूहळू तो पृथ्वी सोडूनच निघून जातो. लोखंड निदान भंगारात तरी सापडतं.

सापडला तोही गमतीशीर. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या डेक्स्टर गावात 1903 मध्ये जोरदार गॅस लागला, गाव खूष, आता आपलं नशीब उघडलं म्हणून गावजेवणासारखी गर्दी जमली, भाषणं झाली, आणि ज्वाला पेटवायला पेटत्या गवताचा भारा त्या झोतात ढकलला तर भाराच विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. लोक हात हलवत घरी. दोन वर्षांनी कॅन्सस विद्यापीठातल्या कॅडी आणि मॅक्फार्लंड यांनी तपासलं तर त्यात बहुतेक नायट्रोजन आणि 1.84 टक्के हेलियम. तोवर पृथ्वीवर हा वायू म्हणजे बाटलीच्या तळाशी दाखवण्यापुरता असायचा, इथं तो धो धो वर येत होता.

मग पहिलं महायुद्ध, वायू भरून हवेत तरंगणारी फुग्यासारखी जहाजं, आणि हायड्रोजन पेट घेतो तसा पेट न घेणारा वायू म्हणून सैन्याचे डोळे चमकले. 1925 मध्ये अमेरिकेनं हेलियमचा कायदा केला आणि टेक्सासमधल्या ॲमरिलो शहराजवळ सरकारी कारभार उभा राहिला. निर्यातीवर इतकी कडक बंधनं की जर्मनांचं हिंडेनबर्ग हे असलंच जहाज हेलियमसाठी डिझाइन केलेलं असूनही हायड्रोजनवर उडालं आणि 1937 मध्ये अमेरिकेत लेकहर्स्टला जळालं, 36 माणसं गेली. म्हणजे साठा कुणाच्या हातात आहे याला किती किंमत असते हे तेव्हाच कळलं होतं.

खरी साठवण सुरू झाली त्या कायद्याच्या 1960 च्या दुरुस्तीनं, आणि हा भाग मला फार आवडतो. सरकार खाजगी गॅस कंपन्यांना म्हणालं, तुमच्या नैसर्गिक वायूत हेलियम आहे, तुम्ही तो चुलीत जाळायला पाठवताय आणि तो न जळता धुराड्यातून आकाशात जातोय, तर तो वेगळा काढा, आम्ही विकत घेतो. कॅन्ससमधल्या बुशटनपासून ॲमरिलोजवळच्या क्लिफसाइडपर्यंत 425 मैलांची पाइपलाइन टाकली आणि तिथं जमिनीखाली बुश डोम नावाचा जो नैसर्गिक वायूचा खडक होता त्यात हेलियम दाबून भरला. टाकी नाही, सिलिंडर नाही, सच्छिद्र खडकच गोदाम आणि त्यावरचा अभेद्य थर हेच झाकण. असं गोदाम पैसे दिले म्हणून कुठंही बांधता येत नाही. नंतर अंदाज चुकले, मागणी सरकारला वाटली तेवढी वाढली नाही, 1973 पर्यंत खरेदीचे करार रद्द झाले. हेही मान्य करायला पाहिजे, सरकारनं तेव्हा जास्तच घेतलं होतं. पण घेतलेला माल खराब होणारा नव्हता ना, खडकात पडून होता.

आता वहीचं सांगतो. खरेदीसाठी हेलियम खात्यानं सरकारी तिजोरीतून साधारण 25 कोटी डॉलर उचलले होते. उचलले कुणी, सरकारच्या एका खात्यानं. कुणाकडून, सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडून. त्यावर चक्रवाढ व्याज लागत गेलं आणि 1990 च्या दशकात आकडा 140 कोटी डॉलरपर्यंत पोचला. या खिशातलं त्या खिशात ठेवताना माणूस स्वतःलाच व्याज लावतो का? पण कागदावर ते कर्ज दिसत होतं, आणि खर्च कपातीचा जमाना होता, तेव्हा संसदेत हा प्रोग्राम म्हणजे सरकारी उधळपट्टीचा आवडता नमुना झाला. फुगवायच्या जहाजांचा जमाना गेला, मग हा गॅस कशाला, असा विनोद करायला सोपा विषय. एमआरआय, फायबर ऑप्टिक, चिप फॅक्टऱ्या, रॉकेटच्या टाक्या, या सगळ्यांना हेलियम लागतो, पण यातलं काही त्या विनोदात बसत नव्हतं.

1996 च्या खाजगीकरण कायद्यात म्हणून काय लिहिलं बघा. जवळपास सगळा साठा विका, फक्त 60 कोटी घनफूट ठेवा, विक्री 2005 पर्यंत सुरू झालीच पाहिजे आणि 2015 पर्यंत आटोपा. आणि भाव? भाव ठरवायचा कर्ज भागिले साठा, वर महागाईची भर. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. बाजारात हेलियमला काय मोल आहे, उद्या किती लागेल, दुसरा पुरवठा आहे का, यातला एकही प्रश्न त्या सूत्रात नाही. सावकाराचं देणं किती आणि कोठारात पोती किती एवढाच हिशोब, आणि पोती बियाण्याची होती. सुरुवातीला हा भाव बाजारापेक्षा जास्तच होता म्हणे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही, पण नंतर मागणी वाढली आणि तोच सरकारी भाव जगाला स्वस्त पडायला लागला, कारण त्या एका खडकातून एके काळी जगाच्या पुरवठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा येत होता. एवढा मोठा विक्रेता भाव बांधून बसला की बाकीच्यांनी नवीन विहिरी कशाला शोधायच्या आणि वापरणाऱ्यांनी रिसायकलिंगची मशीन कशाला घ्यायची? आमच्याच लॅबमध्ये कित्येक वर्षं उडालेला हेलियम खिडकीबाहेर सोडायचो. लाज वाटते सांगायला. पण लिक्विफायरचा, म्हणजे उडालेला गॅस परत द्रव करणाऱ्या मशीनचा, प्रस्ताव नेला की वरून उत्तर एकच, एवढ्या पैशात किती ड्युअर येतील ते आधी सांगा.

गंमत म्हणजे ज्या 1996 सालात हा कायदा झाला त्याच वर्षी रॉबर्ट रिचर्डसन यांना हेलियम-3 या हेलियमच्या हलक्या प्रकारावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं, आणि पुढं 2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या ज्या समितीनं या विक्रीवर टीका केली तिचे सहअध्यक्ष तेच होते. एका फुग्यातल्या हेलियमची खरी किंमत 100 डॉलर असायला पाहिजे असं ते म्हणाले, ते सगळ्या पेपरांनी छापलं. भाव ठरवायच्या सूत्राबद्दल समिती काय म्हणाली ते फार कमी जणांनी छापलं. पुन्हा फुगाच.

टंचाई प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो. लिक्विड हेलियमची पातळी मोजायला आम्ही एक पातळ लांब नळी वापरायचो, वरच्या तोंडाला रबराचा पडदा ताणलेला. नळी हळूहळू ड्युअरमध्ये सोडायची आणि पडद्यावर बोट ठेवायचं. खालचं टोक द्रवात असेल तर बोटाखाली जाड संथ धडधड लागते, नळी वर ओढता ओढता टोक द्रवाबाहेर आलं की तीच धडधड एकदम बारीक आणि जलद होते, तिथं खूण करायची, तेवढी पातळी. मीटर नको काही नको. एका टंचाईच्या काळात सप्लायरनं कळवलं की आता ॲलोकेशन आहे, मागाल त्याच्या निम्मा मिळेल आणि तारीख सांगता येणार नाही. तेव्हा आम्ही दिवसातून तीनदा ती नळी घालून बघायचो, जसं काही बघितल्यानं वाढणार होतं. लॅबमधला सुपरकंडक्टिंग मॅग्नेट, म्हणजे ज्याच्या तारेतून वीज विनाअडथळा वाहते तो, उणे 269 अंशाच्या जवळ ठेवावा लागतो, द्रव खाली गेला की क्वेंच, म्हणजे तारेची सुपरकंडक्टिव्हिटी एका जागी जाते, तिथं उष्णता होते, आणि उरलेला सगळा हेलियम मिनिटभरात वाफ होऊन पाइपातून बाहेर. एक लिटर द्रवाचा साडेसातशे लिटर गॅस होतो. शेवटी आम्ही एक मॅग्नेट स्वतःच गरम होऊ दिला, दुसरा वाचवायला. त्यावर तीन वर्षं चाललेलं एका मुलाचं पीएचडीचं काम तिथंच थांबलं.

2013 मध्ये तर कहर झाला. कर्ज फिटत आलं, आणि जुन्या कायद्याप्रमाणे कर्ज फिटलं की हेलियम खात्याचा खर्चच बंद, म्हणजे साठा असताना व्हॉल्व्ह बंद करायची वेळ! ऐन ऑक्टोबरात नवा कायदा करून ते टाळलं. त्यात लिलाव आला, चांगली गोष्ट, पण सरकारी पाइपलाइनला जोडलेले रिफायनर मोजकेच, बाकीच्यानं लिलावात गॅस घेतला तरी शुद्ध कुणाकडून करून घेणार? आणि त्यातही परत तारीख, 30 सप्टेंबर 2021 पर्यंत सगळं विकून मोकळं व्हा. ती हुकली, पण 2024 मध्ये खडक, उरलेला गॅस, पाइपलाइन सगळं मेसर या कंपनीकडं गेलं. गॅस शुद्धीकरणाकडं नेणारं युनिट मात्र रिफायनरांच्या मालकीचं, ते या विक्रीत नव्हतंच. घर एकाचं आणि जिना दुसऱ्याचा.

खाजगी कंपनी वाईट असं मी म्हणत नाही, ती धंदा करणार आणि करावाच. पण अडचणीच्या दिवसासाठी माल तसाच पडू देणं हे धंद्यात बसत नाही, ते सरकारचं काम. 2017 च्या जूनमध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली आणि तिथले हेलियमचे प्लांट काही आठवडे बंद पडले, जगाच्या पुरवठ्याचा साधारण चौथा हिस्सा. 2022 च्या सुरुवातीला रशियाच्या अमूर प्लांटमध्ये स्फोट आणि त्याच सुमाराला क्लिफसाइडचं युनिटही बंद, दोन्ही एकदम. लिक्विड हेलियमचा कंटेनर महिना-दीड महिना थंड राहतो, नंतर तोच उडायला लागतो, त्यामुळे कुणी गोदामात भरून ठेवू म्हटलं तर तसं होत नाही. महिन्यांचा नाही, वर्षांचा साठा ठेवता येईल अशी जागा जगात फारच थोडी, आणि त्यातली सगळ्यात जुनी अमेरिकेनं 2024 मध्ये विकली. वर 2022 मध्ये अमेरिकेनं हेलियम महत्त्वाच्या खनिजांच्या यादीतून काढला. युरोपियन युनियननं पुढच्याच वर्षी आपल्या यादीत टाकला. आता यातलं कोण झोपेत आणि कोण जागं ते तुम्हीच ठरवा.

आता काही नवीन एमआरआय मशीन सात लिटर लिक्विड हेलियममध्ये चालतात, जुन्यांना दीड-दोन हजार लागायचे, हेही लेखात यायला हवं होतं. हे सुचलं कधी, तर भाव वाढल्यावर. आधीच खरा भाव लावला असता तर वीस वर्षं आधी सुचलं असतं.

एक विनंती. पुढच्या वेळी फुगा छापू नका. ॲमरिलोमध्ये 1968 साली, हेलियमच्या शोधाला 100 वर्षं झाली म्हणून, स्टीलचे चार खांब उभे केलेत, आत टाइम कॅप्सूल, शेवटची 1000 वर्षांनी उघडायची. साठा 56 वर्षांत विकला गेला. त्या खांबांचा फोटो मिळाला तर छापा.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त लॅब टेक्निशियन)