बोट लागणाऱ्यांनी केबिन कुठे घ्यावी?

संपादक महोदय,
स. न.

क्रूझच्या जाहिरातींत आणि प्रवास पुरवण्यांत केबिनचे वर्णन आतली, खिडकीची, बाल्कनीची किंवा स्वीट एवढ्यावर आटोपते. ज्यांना बोट लागते त्यांचे एवढ्याने भागत नाही. केबिन जहाजात नेमकी कुठे आहे, यावर त्यांची सहल अवलंबून असते. वरचा डेक, म्हणजे जहाजाचा वरचा मजला, महाग, म्हणून चांगला, असे धरून चालणारे लोक जास्त पैसे मोजून सर्वांत जास्त हलणारी जागा घेतात. हे थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

जहाजाच्या दोन हालचाली आपल्याला छळतात. एकीत पुढचे टोक वर जाते तेव्हा मागचे खाली, सी-सॉसारखे. दुसरीत जहाज डावी-उजवीकडे कलते. पहिल्या हालचालीत मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. ३०० मीटर लांबीचे जहाज अवघ्या एका अंशाने पुढे झुकले, तरी त्याचे टोक सुमारे २.६ मीटर खाली जाते आणि उलट झोक्यात तेवढेच वर येते. मध्यापासून ३० मीटरवरच्या केबिनला हाच झोका जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो. मळमळ मुख्यतः अशा वर-खाली होण्यानेच होते, त्यातही एक झोका साधारण पाच-सहा सेकंदांत पूर्ण होत असेल तर अधिकच.

‘आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही जाणवणार नाही’ हे आश्वासन अर्धेच खरे आहे. पाण्याखाली दोन्ही बाजूंना असलेले हे पंख डावी-उजवीकडचे कलणे बरेच कमी करतात, पण टोकांचे वर-खाली होणे ते थांबवू शकत नाहीत. शिवाय त्यांच्यावरून पाणी वेगाने वाहत असेल तरच त्यांचा जोर लागतो. जहाज मंदावले की तोही ओसरतो.

म्हणून आधी लांबीतला मध्य पाहावा, मग खालचा डेक, आणि खिडकी की बाल्कनी हा विचार त्यानंतर. हा क्रम उलटा करू नये. जहाज दोन अंशांनी कलले तर पाण्यापासून ३० मीटर उंचीवरची केबिन एका बाजूला मीटरभर सरकते, १० मीटरवरची सुमारे ३५ सेंटिमीटर.

मध्य शोधताना फसगत होते ती डेक प्लॅन, म्हणजे प्रत्येक डेकचा नकाशा, वाचण्यात. केबिनची रांग जहाजाच्या टोकापासून सुरू होत नाही, बरीच मागे सुरू होते. त्यामुळे रांगेचा मध्य हा जहाजाचा मध्य नसतो. कंपनी ‘मिडशिप’ म्हणते तो पट्टाही ऐसपैस असतो. ज्या डेकच्या नकाशात जहाजाची पूर्ण बाह्यरेषा दिसते तो घ्यावा, पट्टीने लांबी मोजून मध्य काढावा आणि त्याच्या पुढे-मागे लांबीच्या दहाव्या भागाइतक्या अंतरातच केबिन निवडावी. दोन केबिनपैकी एक मध्याच्या किंचित पुढे आणि दुसरी तेवढीच मागे असेल तर मागची घ्यावी. जहाज ज्या रेषेभोवती पुढे-मागे झुकते ती बहुधा मध्याच्या जरा मागे असते.

मग वरच्या आणि खालच्या डेकचा नकाशा त्यावर ताडून पाहावा. आपल्या डोक्यावर आणि पायाखाली केबिनच असतील तर उत्तम. स्वयंपाकघर किंवा डान्स फ्लोअर असेल तर झोपमोड ठरलेली, आणि न झोपलेल्या माणसाला बोट लवकर लागते.

खिडकीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तोल सांभाळणारा आतला कान सांगतो ‘हलतोय’, डोळ्यांना मात्र स्थिर भिंत दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. आतल्या केबिनमध्ये डोळे मिटून आडवे पडले तर त्रास होईलच असे नाही, पण तिथे बसून पुस्तक किंवा मोबाइल पाहत राहिले तर हमखास होतो. क्षितिज दिसत राहिले की डोळे आणि कान यांचे जुळते. त्यामुळे मध्याजवळची, खालच्या डेकवरची खिडकीची केबिन आम्हाला सर्वांत योग्य वाटते. मात्र अगदी तळच्या डेकवरची गोल खिडकी खवळलेल्या समुद्रात लोखंडी झाकणाने बंद करतात, म्हणून एक-दोन डेक वर जावे. आणखी एक काळजी घ्यावी: जीवरक्षक नौका बहुधा मधल्या भागातच टांगलेल्या असतात. त्यांच्यामागची केबिन स्वस्त मिळते, पण क्षितिज झाकले जाते.

इतकी मेहनत बुकिंग करताना केलेल्या एका चुकीच्या खुणेने वाया जाऊ शकते. ‘गॅरंटी’ दरात केबिन कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्याने तो दर घेऊच नये. बुकिंगमध्ये ‘अपग्रेड नको’ असे लेखी नोंदवावे, नाहीतर फुकट बढती म्हणून वरच्या डेकवर अगदी पुढची केबिन वाट्याला येऊ शकते. जहाज भरलेले असेल तर नंतर बदलून मिळत नाही.

दिवसाचेही पाहावे. अनेक जहाजांत थिएटर पुढच्या टोकाला आणि मुख्य भोजनगृह पिछाडीला असते. समुद्र उसळलेला असेल त्या संध्याकाळी मधल्या भागातल्या खालच्या डेकवर बसावे. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर. गोळी मळमळ सुरू होण्याआधी, साधारण तासभर आधी घ्यायची असते. कानामागे लावायची औषधी पट्टी किमान चार तास आधी.

टूर कंपन्यांना आमची विनंती आहे की दरपत्रकात केबिनच्या प्रकारासोबत डेक आणि पुढे, मध्य की मागे हेही छापावे आणि केबिनचा क्रमांक पैसे भरण्याआधी कळवावा. आपल्या प्रवास पुरवणीनेही क्रूझवरील लेखांसोबत त्या जहाजाचा डेक प्लॅन द्यावा.

आपले नम्र,
समुद्रप्रवासाची आवड असलेले काही वाचक