दाव्याची गाठ

सातारा, रविवार रात्र

बाळ्या,

दिवाळीपासून तुझे चार फोन उचलले नाहीत. फोनवर तू शिव्या देशील आणि मी ऐकून घेईन, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, आईचे गुडघे होते तसेच.

प्राध्यापकाच्या जागेची मुलाखत झाली. बायकोला 'बरी गेली' म्हणून सांगितलं. तुला ते चालायचं नाही, आपल्या मागच्या तिन्ही तुला पाठ आहेत.

जागा एक, आम्ही एकतीस. सकाळी दहाची वेळ, माझा नंबर पावणेपाचला. सगळे व्हरांड्यात बाकांवर. एकजण मात्र बसलाच नाही. पाण्याचे जार कुठं ठेवायचे ते शिपायाला सांगत फिरत होता. शिपाई त्याला 'सर' म्हणाला, तेव्हाच निम्मे लोक एसटीच्या वेळा विचारायला लागले. मी बसून राहिलो. ५७,७०० मूळ पगार धरून घराचा हप्तासुद्धा मनात बसवला होता ना!

आत सात जण. अध्यक्षांनी गाव विचारलं, मग आडनाव पुन्हा विचारून, "म्हणजे कुणातले?" मग विषयतज्ज्ञ. मी माणगंगेच्या खोऱ्यातलं भूजल सांगायला घेतलं, बेसॉल्टच्या भेगांत पाणी कसं मुरतं, पाझर तलावाखालच्या विहिरींचं काय होतं. मध्येच तोडून म्हणाले, "माणदेशात पाणीच नाही, तर सहा वर्षं मोजलंत काय?" सगळे हसले. मीही हसलो रे. तेच डोक्यातून जात नाही. त्यातल्या चाळीस विहिरींत टेप तू सोडली होतीस. एकदा चप्पलही.

सहा मिनिटांत बाहेर. सेट, पीएच.डी., सीएचबीची, म्हणजे तासांच्या हिशेबानं शिकवण्याची, अकरा वर्षं, हे सगळं छाननीच्या टेबलावरच संपलं. शोधनिबंधांचा गठ्ठा तेवढा आत नेऊन ठेवला होता, दसऱ्याला तू बांधून दिलेला. कारकुनानं परत दिला तेव्हा तुझी ती बैलाच्या दाव्याची गाठ जशीच्या तशी. ती तुझ्याशिवाय कुणाला बांधता येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

जिन्यात एका गृहस्थानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तयारी किती आहे तुमची?" मी म्हणालो, "सगळा अभ्यासक्रम झालाय, सर." त्यानं हात काढून घेतला. हस आता. मला कळलं ते स्टँडवर आल्यावर.

तू पोल्ट्री टाकलीस तेव्हा भर चौकात तुला पळपुटा म्हणालो होतो. तू माझा चहा सांडलास, आणि पैसे मीच दिले. तुझं बरोबर होतं असं अजूनही म्हणणार नाही. कोंबड्यांच्याही बॅचच असतात म्हणे. हजेरी घेतोस का?

मोठीची यंदा दहावी ना? बोअरला पाणी लागलं का? वहिनींना नमस्कार.

उद्या साडेसातला एफवायचा तास आहे, नेमकं भूजलच. पुढच्या रविवारी गठ्ठा घेऊन येतो. गाठ तूच सोड, मला सुटत नाही.

तुझा,
भूगोल

ता. क. झेरॉक्सचे ९४० झाले. त्या चहाचे तेवढे आधी दे.