स्पॉटदादा आणि ड्रेसवाल्या ताई, मनापासून आभार

माझे बाबा हिंदी सिनेमात ज्युनियर आर्टिस्ट. वरातीत, कोर्टाच्या बाकांवर, मागच्या गर्दीत तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. सिने कामगाराशी लेखी करार हवाच, असं 1981 च्या कायद्यात असूनही गर्दीसाठी माणसं पुरवणाऱ्या सप्लायरच्या तोंडी शब्दावर काम चालायचं, म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले. ओव्हरटाइम, कन्व्हेयन्स म्हणजे येण्याजाण्याचा खर्च, वेळेवर पैसे, यासाठीही. त्यापायी कामं गेली, पण ते हटले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान आहे.

गेल्या मे महिन्यात गोरेगावच्या चित्रनगरीत, भर उन्हात जाड शेरवानी घालून उभे असताना ते कोसळले. प्रॉडक्शनची गाडी मिळेना. सेटवर चहापाण्यापासून पडेल ते काम करणाऱ्या एका स्पॉटदादांनी त्यांना उचलून सावलीत नेलं. ड्रेसवाल्या ताईंनी शेरवानीची बटणं सरळ कात्रीने कापली (कंटिन्युइटीचा कपडा, म्हणजे पुढच्या शॉटलाही तसाच दिसायला हवा, बोलणी बसणार हे ठाऊक असूनही!) आणि ओल्या पंच्याने अंग पुसलं. दादा रिक्षातून दवाखान्यात आले, मी पोहोचेपर्यंत बाबांचा हात धरून बसले. दादांच्या खिशात बाबांचं व्हाउचर, म्हणजे कामाच्या पैशांची चिठ्ठी होती, पूर्ण शिफ्टची लिहून घेतलेली. नाहीतर अशा वेळी अर्धा दिवस कापतात.

बाबा आता बरे आहेत. तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, पण घरात तुमचा विषय रोज निघतो. दोघंही एकदा जेवायला या. आई वाट बघतेय.