नेलपॉलिश राहू दे

मुक्कामाची गाडी,
रात्रीचे साडेदहा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच मी मुक्कामाच्या गाडीवर आलोय. ड्रायव्हरकाका देवळाच्या ओवरीत झोपलेत. मी गाडीतच आहे, मांडीवर तिकीट मशीनची पेटी आणि तिच्यावर वही. इथं रेंज नाही, नाहीतर फोनच केला असता.

दुपारी मी तुझ्यावर ओरडलो. आत्यानं हौसेनं नेलपॉलिश लावून दिलं, तू दाखवायला पळत आलीस, आणि मी म्हणालो, "आधी पूस ते." तू मुठी पाठीमागं नेल्यास. निघताना हाक मारली तेव्हाही त्या पाठीमागंच होत्या. ऑपरेशनला आज ४७ दिवस झाले. तुझी नखं न बघता गेलेला हा पहिला दिवस.

रंगाचं काही नव्हतं गं. रंगाखाली नखं दिसत नव्हती.

तू मोठी झालीस की हे नीट वाच, आत्ता आई वाचून दाखवेल तेवढंच ऐक. तू लहान होतीस तेव्हा खेळता खेळता मधेच उकिडवी बसायचीस. यात्रेत, पाणवठ्यावरनं येताना, आजीच्या मागनं रानात जाताना. मी म्हणायचो, "ऊठ, नाटकं नकोत." एकदा दंडाला धरून उठवलंयसुद्धा. मग अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली. त्या डॉक्टरबाईंनी तुझ्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. "हिची नखं अशी निळसर कधीपासून आहेत?" असं त्यांनी विचारलं. आईकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. रोज तुला भरवणारा हात माझा, आणि नखं परक्या बाईनं बघितली.

नाव कळलं, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद, मोठी रक्तवाहिनी त्या भोकावरच बसलेली, आणि जोर लावून लावून उजवा कप्पा जाड झालेला. उकिडवं बसलं की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि फुप्फुसाकडं थोडं जास्त रक्त वळतं, हे मला तिथं कळलं. म्हणजे दमलीस की तुझं औषध तू स्वतःच शोधलं होतंस, आणि मी तुला उठवत होतो. त्यादिवशी बोटाला लावलेल्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला ७८. आता ९८ येतो. हे दोन आकडे मी झोपेतही सांगीन.

मुंबईची तारीख मिळायला वर्ष गेलं. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसलं, तरी आजीनं पाटल्या मोडल्याच. आदल्या रात्री सिस्टर कापूस घेऊन आल्या आणि तुझ्या नखांवरचा केशरी रंग पुसायला लागल्या. चिमट्यातला उजेड नखातून जायला हवा ना. सुई टोचली तेव्हा तू रडली नव्हतीस, रंग गेला तेव्हा रडलीस. मी तुला म्हणालो, "बरी झालीस की मी स्वतः बाटली आणून देतो." माझं बोलणं मला आज गाडी घाटात लागल्यावर आठवलं. तिकिटं फाडायची थांबवून तिथंच उतरावंसं वाटलं.

तुला आत नेलं ते सहा तास. हृदय थांबवून, रक्त मशीनमधनं फिरवून, भोकाला ठिगळ लावलं, वाट रुंद केली. बाहेर एक तरुण डॉक्टर माझ्याशेजारी बसले. त्यांनी सांगितलं की १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात असं मशीन हाताशी नसताना डॉ. लिलेहाय यांनी एका वर्षभराच्या मुलाच्या बापाला शेजारच्या टेबलावर झोपवलं, नळ्या जोडल्या, आणि मुलाचं हृदय उघडलेलं असताना बापाच्या हृदयानं आणि फुप्फुसांनी दोघांचं काम केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तुझ्या दुखण्याचं पहिलं पूर्ण ऑपरेशन तिथंच झालं. मी विचारलं, बापाला जोडलेल्या त्या मुलाचं पुढं काय झालं? ते जरा थांबले. अकरा दिवसांनी न्यूमोनियानं गेलं म्हणाले. तुझा बारावा दिवस उजाडेपर्यंत मी ते आईला सांगितलं नाही.

परत तेच सुरू झालं माझं. लिहायचं होतं दुसरंच.

दात दोन्ही वेळा घास. तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात, म्हणून दातांच्या डॉक्टरकडं कधीही गेलीस तरी तोंड उघडायच्या आधी ऑपरेशनचं सांगायचं. दरवर्षी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चुकवायचा नाही, कॉलेजला गेलीस तरी, लग्न झालं तरी. फुप्फुसाकडची झडप पुढं गळू शकते. दम लागला तर लपवायचं नाही. आणि फाटकावर झुलायचं नाही, छातीचं हाड अजून स्टीलच्या तारांनी बांधलेलं आहे... सहा वर्षांच्या पोरीला मी हे काय सांगत बसलोय. माफ कर बाळा. झूल हवी तर, अजून दहा-बारा दिवस तेवढे जाऊ देत.

गाडीत लोक पोरांना एका हाताला धरून वर ओढून घेतात. मला बघवत नाही. तुला बगलेत हात घालून उचलायचं नाही, एक हात पाठीला, एक बुडाखाली, हे सिस्टरनी शिकवलं तेव्हापासून मी येईल त्या पोराला तसंच उचलून घेतो. पोरं सुटे पैसे देतात, मी आधी नखं बघतो. आज एका पोराची नखं काळसर दिसली, पोटात धस्स झालं. जांभळं खाल्ली होती त्यानं.

पाहुण्यांत कुणी म्हणालं, पोरीची जात आणि छातीवर एवढी रेघ. मी तेव्हा गप्प बसलो, याचं मला वाईट वाटतं. तू मात्र शाळेच्या पहिल्याच दिवशी वरचं बटण काढून बाईंना म्हणालीस, "हे माझं ऑपरेशन." बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मला बोलता आलं नाही. तशीच राहा.

अकरा वाजत आले. आईनं आता मोबाईलची बॅटरी लावून तुझ्या बोटांकडं बघितलं असेल. ती बोलत नाही, पण मी तिला बघितलंय. आज रंग असणार, म्हणजे ओठ बघितले असतील.

सकाळी सहाला गाडी सुटते. स्टँडवर बाटली मिळेल, कुठला रंग ते मला कळत नाही, केशरीच आणतो. डाव्या हाताची नखं तू लाव. उजव्या हाताची तुला लावता येत नाहीत, ती मी लावून देईन. त्याआधी आत्याचा लाल रंग कापसानं पुसावा लागेल. तेवढा वेळ, एकदाच, बोटं माझ्या हातात दे.

तुझा,
पप्पा